ऑटोइम्यून युव्हिआयटिस : पडद्याचे कोणते फोटो, कधी आणि कसे काढायचे

नेत्रांकन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

युव्हिआयटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेच्या, पेशंटचा पडदा (रेटिना) पहिल्या दिवशी जसा दिसतो तसा पुन्हा दिसत नाही. स्टेरॉइड सुरू होऊन चार दिवस झाले की पाणी ओसरू लागतं, व्हिट्रियसमधली (डोळ्यातल्या जेलीमधली) धूसरता कमी होते आणि पहिल्या भेटीत जे टिपायचं राहिलं ते राहूनच जातं. सहा महिन्यांनी आजार उलटला तर तुलना कशाशी करणार? गडचिरोली, गोंदिया, बालाघाटकडून नागपूरला येणाऱ्या पेशंटच्या हातात बरेचदा एकच दिवस असतो, संध्याकाळची गाडी पकडायची असते. त्या एका दिवसात काय काय काढून ठेवायचं, त्याचा क्रम मांडतो. चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकण्याआधी स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या दाहाच्या पेशी मोजून लिहा. प्रकाशाचा चौकोन १ मिमी बाय १ मिमी ठेवायचा. १ ते ५ पेशी म्हणजे ०.५+, ६ ते १५ म्हणजे १+, १६ ते २५ म्हणजे २+, २६ ते ५० म्हणजे ३+ आणि त्याहून जास्त म्हणजे ४+. ही २००५ सालची 'सन' (SUN, युव्हिआयटिसच्या नोंदींचं प्रमाणीकरण करणाऱ्या गटाची) प्रतवारी, सगळीकडे हीच चालते. थेंब टाकल्यावर आयरिसमधून (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्यातून) रंगकण सुटतात, ते पेशींसारखेच तरंगतात आणि आकडा फुगतो. डोळ्याचा दाबही त्याच वेळी घ्या.

मग बाहुली मोठी करायची. ट्रोपिकामाइड ०.८ टक्के आणि फिनाइलेफ्रिन ५ टक्के एकत्र असलेले थेंब मिळतात. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर नुसतं ट्रोपिकामाइड. निदान २० ते ३० मिनिटं थांबा. जुन्या सुजेमुळे आयरिस लेन्सला चिकटली असेल तर बाहुली वेडीवाकडी उघडते आणि फोटोच्या एका बाजूला काळी सावली येते. ती सावली पडद्यातली नव्हे, हे तिथल्या तिथे लिहून ठेवलं तर पुढे घोटाळा होत नाही.

त्यानंतर दोन्ही डोळ्यांचे रंगीत फोटो. 'चांगल्या' डोळ्याचे तर आवर्जून. मग ऑटोफ्लुरोसन्स (पडद्याच्या स्वतःच्या चमकेचा फोटो), आणि तो डायच्या (शिरेतून टोचायच्या रंगाच्या) आधीच. फ्लुरेसिन निळ्या प्रकाशात स्वतःच चमकतं, त्यामुळे डाय दिल्यावर त्या दिवशी काढलेला ऑटोफ्लुरोसन्स निरुपयोगी. मग ओसीटी (पडद्याच्या थरांचा प्रकाशाने काढलेला छेद) : मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) पूर्ण व्हॉल्यूम स्कॅन, मध्यबिंदूतून एक आडवी आणि एक उभी ईडीआय रेषा (पडद्यामागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंत खोल बघणारी), डिस्कवरून (नेत्रशिरेच्या टोकावरून) एक, आणि जिथे डाग दिसतो त्या डागातून एक. हे सगळं झाल्यावरच डाय.

---

स्लिटलॅम्प

क्रम बरोबर आहे. ओसीटीच्या आकड्यांबद्दल थोडं वाढवतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

मॅक्युलाची जाडी वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळी येते. डोळा तोच असतो, मोजायच्या रेषा वेगळ्या. स्ट्रॅटस, सिरस आणि स्पेक्ट्रॅलिस ही तिन्ही मशीन पडद्याच्या आतल्या कडेपासूनच मोजतात. जुनं स्ट्रॅटस प्रकाशपेशींच्या जोडरेषेशी थांबायचं, सिरस आरपीईपर्यंत (प्रकाशपेशींखालच्या रंगपेशींच्या थरापर्यंत) जातं, स्पेक्ट्रॅलिस त्याखालच्या ब्रुक्स पटलापर्यंत. त्यामुळे निरोगी मध्यभागाची जाडी अनुक्रमे २००, २६० आणि २७५ मायक्रॉनच्या आसपास निघते. पेशंटने एक ओसीटी रामदासपेठेत केलं, पुढचं धंतोलीत वेगळ्या मशीनवर केलं आणि जाडी २० मायक्रॉनने 'वाढली', तर ती सूज असेलच असं नाही. औषध वाढवण्याआधी रिपोर्टच्या कोपऱ्यातलं मशीनचं नाव वाचा.

दुसरं, व्हिट्रियस धूसर असताना सिग्नल पडतो. सिरसवर सिग्नल १० पैकी ६ च्या खाली असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. सॉफ्टवेअर चुकीच्या थरावर रेषा ओढतं आणि जाडी कधी ९० तर कधी ६०० दाखवतं. रंगीत नकाशा बघून मोकळं होऊ नये. मधले पाच-सहा स्कॅन उघडून रेषा थरावर बसली आहे का ते डोळ्यांनी बघायचं, आणि नसेल बसली तर हाताने सरकवायची.

तिसरं कोरॉइडचं. कोरॉइडची जाडी दिवसभरात बदलते, सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी. निरोगी माणसातही हा फरक २० ते ४० मायक्रॉनचा असतो. म्हणून पहिला स्कॅन सकाळी दहाचा असेल तर पुढचेही सकाळीच घ्या.

---

वैदर्भीय

फिजिशियनच्या बाजूने एक गोष्ट जोर देऊन सांगतो. फोटोवर 'ऑटोइम्यून' असं लिहून येत नाही. फोटो सांगतो सूज कुठे आहे, किती आहे, कोणत्या थरात आहे. कारण शोधायचं काम वेगळं, आणि आपल्या भागात ते स्टेरॉइडच्या आधी झालंच पाहिजे.

किमान यादी : टीबीसाठी मॅन्टू आणि शक्य असेल तर इग्रा, छातीचा सीटी, सिफिलिससाठी व्हीडीआरएलसोबत टीपीएचए, एचआयव्ही, हिमोग्राम, साखर, क्रिएटिनिन, लिव्हर. छातीचा साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून टीबी किंवा सार्कॉइडच्या (गाठी करणाऱ्या दाहाच्या आजाराच्या) गाठी नाहीत असं होत नाही, त्या सीटीत सापडतात. व्हीडीआरएल एकटं पाठवू नका, जुन्या सिफिलिसमध्ये ते निगेटिव्ह येऊ शकतं.

आता विदर्भाचं खास. इथे सिकलसेल आहे आणि ते पडद्यावर दिसतं. कडेच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, बंद भागाच्या काठावर पंख्यासारख्या नव्या वाहिन्या फुटतात आणि डाय टेस्टमध्ये त्या जोरात गळतात. घाईत बघणाऱ्याला हे रेटिनल व्हॅस्क्युलायटिस (पडद्याच्या वाहिन्यांचा दाह) वाटतं. फरक असा की सिकलसेलमध्ये बंद पडतात त्या मुख्यतः धमन्या, वाहिन्यांभोवती पांढरं आवरण फारसं नसतं आणि व्हिट्रियसमध्ये पेशी नसतात. दाहामध्ये बहुधा शिरा धरल्या जातात आणि पेशी असतात. शंका आली तर सिकलसेलच्या रक्ततपासण्या : सोल्युबिलिटी टेस्ट आणि त्यावर एचपीएलसी. तरुण पोरगा, अचानक डोळ्यात रक्त, कडेच्या शिरा बंद, असं असेल तर ईल्स डिसीजही डोक्यात ठेवा. त्याचा टीबीशी संबंध आहे.

पावसाळ्यानंतर आणखी एक प्रकार येतो. डेंगू, चिकनगुनिया, स्क्रब टायफस यांचा ताप गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनी मॅक्युलाजवळ पांढरे चट्टे आणि पाणी. ओसीटीवर आतले थर फुगलेले आणि खूप चमकदार दिसतात. 'गेल्या महिन्यात ताप आला होता का?' हा प्रश्न फुकटचा आहे आणि भल्याभल्या स्कॅनपेक्षा जास्त सांगून जातो.

---

स्लिटलॅम्प

वैदर्भीय भाऊ, एकदम पटलं. याच मुद्द्याला धरून ऑटोफ्लुरोसन्सचा उपयोग सांगतो. टीबीशी जोडलेल्या सर्पिजिनससारख्या (सापासारख्या पसरणाऱ्या) कोरॉइडायटिसमध्ये, म्हणजे कोरॉइडच्या दाहात, ताज्या चट्ट्याची कड धूसर आणि उजळ दिसते. बरा होताना कडेला काळी रेघ उमटते, मधला उजेड ठिपक्या-ठिपक्यांचा होतो, आणि शेवटी सगळा चट्टा काळा. टीबीची औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत चट्टे थोडे वाढलेले दिसू शकतात. ते मेलेल्या जंतूंविरुद्धच्या प्रतिक्रियेमुळेही होतं, म्हणून त्यावरून लगेच औषध चुकलं असं ठरवू नये. दर भेटीला तीच चौकट, तोच फ्लॅश ठेवून ऑटोफ्लुरोसन्स काढला तर कड पुढे सरकते आहे की नाही हे स्पष्ट कळतं. रंगीत फोटोवर ते कळत नाही.

आता खऱ्या ऑटोइम्यून आजाराचं उदाहरण : व्हीकेएच, म्हणजे व्होग्ट-कोयानागी-हराडा. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींवरच शरीर उठतं, त्यामुळे डोळा, कान, मेंदूचं आवरण, केस, त्वचा सगळीकडे खुणा. आपल्याकडे हा भेटतो. आणि याची गल्लत होते सीएससीशी (सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपॅथी, पडद्याखाली पाणी साठण्याचा दुसरा आजार), जिथे स्टेरॉइड दिलं तर नुकसान होतं. दोघांतही पडद्याखाली पाणी, दोघांतही कोरॉइड जाड. म्हणून वेगळं कसं ओळखायचं ते नीट लिहितो.

व्हीकेएच बहुधा दोन्ही डोळ्यांत एकदमच येतो. ओसीटीवर पाण्याचे कप्पे दिसतात, मधे पातळ पटलासारख्या भिंती, काही कप्पे प्रकाशपेशींच्या थरातच चिरल्यासारखे. आरपीईची रेषा लाटांसारखी वरखाली. कोरॉइड इतकं जाड की ईडीआयवरही त्याची मागची कड सापडत नाही, ५०० मायक्रॉनच्या वर सहज. डाय टेस्टमध्ये सुरुवातीला सुईच्या टोकाएवढे असंख्य ठिपके, मग ते पाण्यात विरघळून मोठे तलाव, आणि डिस्क गळते. सीएससीमध्ये गळतीचा एक किंवा मोजके बिंदू, पाणी स्वच्छ, भिंती नाहीत, डिस्क शांत, व्हिट्रियसमध्ये पेशी नाहीत. डिस्कच्या गळतीकडे मी सगळ्यात आधी बघतो.

उपचारात साधारण मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम रोज शिरेतून ३ दिवस, मग तोंडाने प्रेडनिसोलोन किलोमागे १ मिग्रॅ आणि अगदी हळू कमी करत किमान सहा महिने, बहुतेकांना सोबत दुसरं इम्युनोसप्रेसंट. गाडी अडते ती इथे : पाणी दोन-चार आठवड्यांत जातं, नजर सुधारते, गोळी दीड-दोन महिन्यांत बंद होते. पडद्याखालचं पाणी गेलं तरी कोरॉइडमधला दाह शिल्लक असतो. तो हिरव्या डायच्या (आयसीजी) टेस्टमध्ये काळ्या ठिपक्यांनी दिसतो, आणि ईडीआयवर कोरॉइड पुन्हा जाड व्हायला लागतं तेही पेशंटला काही जाणवायच्या आधी. तो इशारा चुकला की पुढे मावळत्या सूर्यासारखा लालसर पडदा, काचबिंदू, मोतीबिंदू ही मालिका सुरू होते.

---

चित्रपेशी

प्रत्येक वेळी डाय टोचायची गरज आहे का? ओसीटी-एंजिओ सुईशिवाय होतं, पाच मिनिटांत होतं, परत परत करता येतं. गरोदर बाई, किडनीचा पेशंट, लहान मूल यांना तर डाय नकोच वाटतो.

---

स्लिटलॅम्प

चित्रपेशी, ओसीटी-एंजिओ वाहणारं रक्त दाखवतं, झिरपणारं द्रव दाखवत नाही. आणि रेटिनल व्हॅस्क्युलायटिसमध्ये प्रश्न झिरपण्याचाच असतो. बेहचेटमध्ये (शरीरभर वाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारात) साध्या तपासणीत पडदा शांत दिसतो, नजर ६/६ असते, आणि रुंद कोनाच्या डाय टेस्टमध्ये कडेपर्यंत नेच्याच्या पानासारखी केशवाहिन्यांची गळती. ती ओसीटी-एंजिओवर कोरी येईल. शिवाय बहुतेक मशीन मधला भागच नीट पकडतात. पाणी साठलेल्या जागी थरांच्या रेषा चुकतात आणि वरच्या वाहिन्यांची सावली खालच्या थरात खोट्या वाहिनीसारखी उमटते.

तुम्ही सांगितलेल्या तिघांसाठी मात्र ते खरंच उपयोगी. शिवाय मॅक्युलाच्या केशवाहिन्या किती बंद पडल्या, डागाच्या काठावर नवी वाहिनी फुटली का, ही दोन उत्तरं ते डायपेक्षा चांगली देतं. तेव्हा दोघांची कामं वेगळी आहेत असं म्हणेन.

---

नेत्रांकन (धागाकर्ता)

डाय टेस्टची पद्धत लिहायची राहिली होती.

पिवळा डाय : फ्लुरेसिन २० टक्क्यांचं ३ मिली किंवा १० टक्क्यांचं ५ मिली. आधी विचारायचं : दमा, औषधाची अ‍ॅलर्जी, पूर्वी डायने त्रास, गरोदरपण, किडनी. कोपराजवळच्या शिरेत कॅन्युला टाका, आधी सलाइन ढकलून शीर नीट चालते का बघा आणि मगच डाय. डाय शिरेबाहेर गेला तर भयंकर आग होते आणि कातडी खराब होऊ शकते. टेस्ट संपल्यावरही कॅन्युला लगेच काढू नका. मळमळ बऱ्याच जणांना पहिल्या मिनिटात येते आणि जाते. खरी भीती अ‍ॅनाफिलॅक्सिसची. तो दुर्मिळ आहे, पण अ‍ॅड्रिनलिन हाताशी हवंच : १:१००० चं ०.५ मिली मांडीच्या स्नायूत. ट्रे मागवायला कुणाला दुसऱ्या मजल्यावर पाठवायला लागू नये.

टोचल्यावर १० ते १५ सेकंदांत डाय पडद्यात येतो. पहिलं मिनिट ज्या डोळ्याला जास्त त्रास त्याचा मधला भाग. मग दोन्ही डिस्क. २ ते ५ मिनिटांत पेशंटला आठ दिशांना बघायला सांगून कडा. १० मिनिटांनी पुन्हा दोन्ही मॅक्युला आणि डिस्क. ही शेवटची पायरी घाईत गळते, आणि सूज मोजायची ती त्याच फोटोंत. २०० अंशांचा कॅमेरा असेल तर कडांचं काम सोपं. साध्या ५० अंशांच्या कॅमेऱ्यावरही नीट फिरवून पुरेसं मिळतं.

हिरवा डाय, आयसीजी : २५ मिग्रॅ. सोबत दिलेल्या निर्जंतुक पाण्यातच मिसळा, सलाइनमध्ये नाही, तिथे तो टिकत नाही. मिसळल्यावर ६ तासांत वापरून टाका. पावडरीत सोडियम आयोडाइड असतं, म्हणून आयोडीनची अ‍ॅलर्जी नीट विचारा. उशिराचे फोटो ३० ते ४० मिनिटांनी. कोरॉइडचे काळे ठिपके तिथेच भेटतात. पेशंटला बाहेर बसवून विसरू नका.

लघवी दिवसभर पिवळी-केशरी येईल, त्वचाही पिवळी दिसेल, हे आधीच सांगून ठेवा. आणि मे महिन्यात दुपारी बाहुली मोठी असलेल्या माणसाला एकटं बाहेर सोडू नका. काळा चष्मा, टोपी, सोबतीला माणूस, आणि गाडी चालवायची नाही.

---

धंतोलीकर

मी डॉक्टर नाही. घरात ताईला ल्युपससाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. डोळ्यांना काही त्रास नाही. तरी दरवर्षी ओसीटी करायला सांगतात. गरज आहे का, आणि नेमकं काय बघून राहिले असतात?

---

वैदर्भीय

धंतोलीकर, गरज आहे, आणि त्रास नसतानाच आहे. या गोळीने पडद्याला होणारी इजा भरून निघत नाही, गोळी बंद केल्यावरही काही काळ वाढू शकते. म्हणून नजरेला कळायच्या आधी पकडायची.

डोस किलोमागे रोज ५ मिग्रॅपेक्षा जास्त नसावा, आणि वजन खरं, उंचीवरून काढलेलं आदर्श वजन नाही. ताईंचं वजन ६० किलो असेल तर दिवसाला ३०० मिग्रॅ ही कमाल. गोळी बहुधा २०० ची असते, तेव्हा डॉक्टर एक दिवस ४०० आणि एक दिवस २०० असं देतात. वजन कमी झालं तर हा हिशेब पुन्हा करायला सांगा. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे पहिल्या वर्षात एक मूळ तपासणी आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. किडनी कमजोर असेल, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरचं औषध) चालू असेल किंवा डोस जास्त असेल तर ५ वर्षं थांबायचं नाही.

तपासणीत दोन गोष्टी हव्या : ओसीटी आणि फील्ड (नजरेच्या कक्षेची टेस्ट). ओसीटीत मध्यबिंदूच्या भोवती प्रकाशपेशींची रेषा तुटते का ते बघतात. आशियाई लोकांमध्ये ही इजा मध्यापासून थोडी लांब, मोठ्या वाहिन्यांच्या कमानीजवळ सुरू होऊ शकते. म्हणून फील्ड नुसता १०-२ (मधल्या भागाचा) नको, सोबत २४-२ किंवा ३०-२ (रुंद) पण करून घ्या, आणि ओसीटी रुंद घ्यायला सांगा. आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. ल्युपस उसळला तर किडनी जाऊ शकते.

---

मृण्मयी_ना

संशोधनाकडून लिहिते. माणसाच्या डोळ्यातून पडद्याचा तुकडा काढून बघता येत नाही, म्हणून या आजाराचं बरंच ज्ञान उंदरांमधल्या ईएयू (प्रयोगात मुद्दाम घडवलेला ऑटोइम्यून युव्हिआयटिस) मॉडेलवरून आलंय. प्रकाशपेशींजवळच्या आयआरबीपी प्रथिनाचा तुकडा, सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांसाठी १-२० क्रमांकाचा, टीबी जंतू असलेल्या फ्रॉइंड्स अ‍ॅडज्युव्हंटमध्ये (प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या तेलकट मिश्रणात) घोटून टोचतात, सोबत पर्टसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष). १० ते १४ दिवसांनी पडद्यात दाह दिसू लागतो आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठतो. पूर्वी दर टप्प्याला उंदीर मारून डोळे कापावे लागत. आता फंडस कॅमेरा आणि ओसीटीमुळे तोच उंदीर आठवड्यामागून आठवडा बघता येतो, प्राणीही कमी लागतात. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी आधी, हे वेगळं सांगायला नको.

चुका कुठे होतात ते महत्त्वाचं. पहिली आणि सगळ्यात महागडी : सी५७बीएल/६एन उपजातीत आरडी८ नावाचं उत्परिवर्तन असतं. त्यामुळे पडद्याच्या खालच्या भागात पांढरे ठिपके जन्मजात असतात आणि ते दाहासारखे दिसतात. ६जे उपजातीत ते नसतं. प्रयोगाआधी शेपटीच्या तुकड्यातून सीआरबी१ जनुक तपासून घ्या, आणि टोचण्याआधी प्रत्येक उंदराचा एक फोटो काढून ठेवा. हे न केल्यास सहा महिन्यांचं काम पाण्यात.

दुसरी : भुलीचं केटामिन-झायलाझिन दिल्यावर पापणी मिटत नाही, डोळा कोरडा आणि गार पडतो, आणि काही मिनिटांत लेन्स पांढरी होते. हा तात्पुरता मोतीबिंदू असतो, पण फोटो वाया जातो. भूल चढताच डोळ्यावर हायप्रोमेलोज जेल, उंदीर गरम गादीवर, आणि कॅमेरा आधीच जुळवून ठेवलेला.

उंदराला मॅक्युला नसतो, म्हणून सगळं माप डिस्क मध्यावर ठेवून घ्या. दाहाला ० ते ४ गुण देणाऱ्या माणसाला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावं. एका उंदराचे दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र नमुने नव्हेत. पेशंटच्या अभ्यासातही हीच चूक सर्रास होते, ४० डोळे लिहितात आणि माणसं असतात २२.

---

चित्रपेशी

ताई, ईडीआय चित्रं इमेजजे (चित्रावर मापं घ्यायचं सॉफ्टवेअर) मध्ये टाकून कोरॉइड मोजतो तेव्हा आकडे मशीनशी जुळत नाहीत. असं का होत असावं?

---

मृण्मयी_ना

बहुधा चित्र उभं ताणलेलं असेल. स्पेक्ट्रॅलिसवर दोन प्रकारे चित्र दिसतं : एकात पिक्सेल समान, दुसऱ्यात मायक्रॉन समान. पहिल्यात उभी आणि आडवी पट्टी वेगळ्या लांबीची असते. तुम्ही आडव्या २०० मायक्रॉनच्या पट्टीवरून स्केल लावून उभी जाडी मोजलीत तर उत्तर चुकणारच. कोपऱ्यात दोन पट्ट्या असतात, उभ्यासाठी उभी वापरा. मोजायची रेषा आरपीईला काटकोनात हवी, पडद्याच्या कडेला नाही. आणि चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं नसावं. तिथे ते आकुंचन पावतं, बारीक ठिपके पुसले जातात. मूळ फाइल टिफमध्ये काढा. फाइलच्या नावात पेशंटचं नाव नको, अभ्यास क्रमांक, डोळा, तारीख एवढंच. चित्राच्या वरच्या पट्टीत छापलेलं नावही कापून टाका, ते लोक विसरतात.

---

नेत्रांकन (धागाकर्ता)

मृण्मयीताई, पट्टीचा मुद्दा आमच्या फलकावर लिहून लावतो.

चित्रपेशी, पुढच्या भेटीत मोजायच्या आधी एक करा. ओसीटी काढताना नवा स्कॅन उघडू नका, जुना स्कॅन निवडून फॉलो-अप बटण दाबा. मशीन वाहिन्यांचा नकाशा जुळवून त्याच जागेवर रेषा ठेवतं. त्यासाठी पहिला स्कॅन स्वच्छ आणि मध्यावर घेतलेला हवा. तो वाकडा घेतला असेल तर पुढचे सगळे त्याच वाकड्या जागी येत राहतील, आणि मग नवा आधार स्कॅन घेऊन तारीख लिहून ठेवणं हाच उपाय.

गावाकडून येणाऱ्यांना छापील रिपोर्टसोबत मूळ चित्रांची पेनड्राइव्ह द्या आणि पाकिटावर मशीनचं नाव, स्कॅनची वेळ आणि त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस लिहा. पुढची तपासणी नागपूरच्या मेयोत (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) झाली काय किंवा मिहानच्या एम्समध्ये झाली काय, बघणाऱ्याला तुलना करता येते.

---

धंतोलीकर

धन्यवाद वैदर्भीय. ताईंचं वजन ५२ किलो आहे आणि गोळी रोज ४०० ची चालू आहे. म्हणजे कमाल २६० झाली ना?

---

वैदर्भीय

हो, २६०. ४०० म्हणजे किलोमागे साडेसात मिग्रॅच्या वर. गोळी बंद करू नका, पण याच आठवड्यात तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना वजनाचा आकडा दाखवा. किती वर्षं या डोसवर आहेत ते लिहून न्या, सोबत ताजं क्रिएटिनिन. आधीचे सगळे ओसीटी घेऊन जा, नुसता शेवटचा नको.